पहिल्या सर्व्हेला निघण्याआधी

हवामान बदल आणि गरिबी या विषयात काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं दर जूनमध्ये कुणी ना कुणी विचारतंच. माझी सुरुवात कशी फसली ते सांगते.

एमए झाल्या झाल्या एका सर्व्हेवर लागले. मुंबईत कुर्ल्याला मिठी नदीकाठची वस्ती, हातात चौदा पानी फॉर्म. पहिलाच प्रश्न : हवामान बदलाचा तुमच्या उत्पन्नावर परिणाम झाला का? ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारणीकडे. "नाही बाई." संध्याकाळपर्यंत असे अकरा 'नाही' जमले. शेवटच्या घरातून निघताना सहज विचारलं, पलंगाखाली विटा कशाला? आणि मावशी बोलायला लागल्या. 26 जुलै 2005, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. त्यांच्या घरात पाणी माळ्याच्या शिडीच्या चौथ्या पायरीपर्यंत चढलं होतं. तेव्हापासून पलंग विटांवर, तांदळाचा डबा फळीवर, आणि रेशनकार्ड, आधार, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) दुधाच्या पिशवीत बांधून माळ्यावरच्या खिळ्याला. पाणी भरलं की दोन-तीन खाडे ठरलेले, खाड्याचे पैसे कापले जाणार, मग भिशी आधीच उचलायची. माझा अख्खा फॉर्म त्या विटांखाली होता.

तेव्हापासून मी 'हवामान' हा शब्द घरात काढतच नाही. पाणी भरलं तेव्हा किती दिवस कामावर गेला नाहीत? उसने कुणाकडून घेतले? आधी काय विकलं? एवढं विचारा.

आणि कागद बघा. त्याच घराच्या माळ्यावर एक भाडेकरू कुटुंब राहायचं. रेशनकार्ड गावचं, भाड्याची पावती नाही. पंचनाम्यात नाव आलं ते खालच्या घरमालकाचं. नुकसान दोघांचंही, मदतीच्या यादीत एकच. सामाजिक सुरक्षा म्हणजे काय, हे मला वर्गात कळलं नव्हतं ते इथे कळलं : योजना असणं वेगळं आणि पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात तिचे पैसे हातात पडणं वेगळं.

पहिला पगार झाला की स्लिप नीट वाचा. बहुधा व्यवसाय कराचे 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 मध्ये रोजगार हमीसाठी लावला गेला. 1972 च्या दुष्काळात लोक खडी फोडत होते. त्यातून हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा, ही कल्पना आपल्याकडची आहे आणि मला तिचा अजूनही अभिमान वाटतो. पण हमी ग्रामीण भागापुरती. गावचा दुष्काळ टाळून जो मानखुर्दला आला, त्याला इथल्या पुरात ती नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा खड्डा हाच आहे, आणि नव्या माणसाने प्रबंधासाठी दुसरीकडे जायची गरज नाही.

बाहेरचंही वाचा, पण यंत्रणा कशी चालते ते बघत. इथिओपियात 2005 पासून वर्षातले काही महिने बांधबंदिस्ती, पाणलोटाची कामं काढून रोख किंवा धान्य देतात. ज्यांना झेपत नाही त्यांना कामाविना. केनियाच्या उत्तरेकडे आणखी पुढची गोष्ट आहे : उपग्रहावरून गवत-झुडपांची स्थिती मोजतात आणि ती ठरावीक पातळीखाली गेली की नेहमीच्या यादीबाहेरच्या जादा कुटुंबांनाही पैसे जातात. खाती आधीच उघडून ठेवलेली! आपल्याकडे पाणी ओसरल्यावर झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते. जागतिक बँकेने 2016 च्या अहवालात 2030 पर्यंत आणखी 10 कोटी लोक गरिबीत ढकलले जाऊ शकतात असं म्हटलं होतं. आकडा जरूर वापरा, पण नोकरीच्या मुलाखतीत पहिल्याच वाक्यात नको. सगळे तोच सांगतात.

संख्याशास्त्र शिकावंच लागेल, त्याबद्दल जास्त बोलत नाही. मराठी-हिंदी दोन्ही सफाईने यायला हवी, गोवंडीत तर हिंदीच जास्त.

आणि सर्व्हे मार्चमध्ये उरकू नका. निधी संपवायचा म्हणून सगळे तेव्हाच जातात, कोरड्या जमिनीवर पुराबद्दल विचारतात. जुलैत जा. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते, त्या डायरीत लिहून ठेवा. बूट नकोत, रबरी चप्पल. फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत. आणि गल्लीत नळाला पाणी कधी येतं ते आधी विचारून घ्या, त्या तासात कुणाचंही दार ठोठावू नका.