कसम परेडच्या आधी: बूट, टोपी आणि वर्दीची तयारी

रविवारी संध्याकाळी पुतण्याचा फोन येतो. अग्निवीर म्हणून भरती होऊन तो बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला गेलाय. परवा रामराम झाल्या झाल्या त्यानं विचारलं, "तात्या, बूट काही केल्या चमकत नाही. पॉलिशची अख्खी डबी संपली." पॉलिश फोनवर शिकवता येत नाही, म्हणून कसम परेडच्या, म्हणजे प्रशिक्षण संपताना शपथ घ्यायच्या परेडच्या, तयारीचं सगळं लिहून काढतोय. त्याच्याबरोबरच्या इतर पोरांनाही उपयोगी पडेल. मी १९९४ साली रंगरूट म्हणून त्याच मैदानावर उभा राहिलो आणि २०१८ साली हवालदार म्हणून घरी आलो.

आधी बूट, कारण सगळा वेळ तोच खातो.

डबी संपली म्हणजे पॉलिश गरजेपेक्षा जास्त लावलं जातंय. नवीन बुटाच्या कातड्यावर बारीक खड्डे असतात. ते भरून वरचा थर काचेसारखा सपाट करायचा, एवढंच काम आहे. पहिले तीन-चार दिवस रोज रात्री ब्रशनं पॉलिश लावा आणि तसंच राहू द्या. सकाळी कोरड्या ब्रशनं घासा. या दिवसांत चमक येणार नाही, तिची वाट पाहू नका.

मग पाणी-पॉलिश. जुन्या बनियनची चिंधी घ्या, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती दोन बोटांवर इतकी घट्ट गुंडाळा की बोटाखाली एकही सुरकुती राहणार नाही. सुरकुती राहिली तर तिचाच ओरखडा बुटावर उमटतो. डबीच्या झाकणात थंड पाणी घ्या. चिंधीला नखाएवढं पॉलिश लावून बुटाच्या चवड्यावर रुपयाच्या नाण्याएवढे गोल फिरवा. कातडं धुरकट दिसायला लागलं की पाण्याचा एकच थेंब टाका आणि त्याच जागी पुन्हा गोल फिरवा. आता बोटाचा भार एकदम हलका. धुरकटपणा जातो आणि खालून काळा रंग वर येतो. पुन्हा नखाएवढं पॉलिश, पुन्हा थेंब. असे दहा-पंधरा थर बसले की बॅरेकच्या छतावरची ट्यूबलाइट चवड्यात दिसते. पहिल्या खेपेला एका बुटाला तीन तास लागले तर घाबरू नका. नंतर रोज दहा मिनिटांत भागतं.

ही चमक फक्त चवड्याला आणि टाचेला द्यायची. जिथं बूट दुमडतो तिथं जाड थर बसवला तर पहिल्याच 'तेज चल'ला तडे जातात. लवकर व्हावं म्हणून काही पोरं पॉलिशला काडी लावून ते पेटतं बुटावर ओततात. त्यानं कातडं जळतं आणि मग कितीही घासा, ते पॉलिश धरत नाही. बाटलीतलं झटपट पॉलिशही नको. वरून चकाकतं आणि दोन दिवसांत पापुद्रे सुटतात.

आता टोपी. नवी बॅरेट टोपी पापडासारखी गोल आणि ताठ असते. तिला डोक्याचा आकार द्यावा लागतो, आणि तो ओली असतानाच देता येतो. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि हलकी दाबून पाणी काढा. पिळू मात्र नका. मग तशीच डोक्यावर चढवा. खालची कातडी पट्टी भुवयांच्या वर दोन बोटं, चहूबाजूंनी एका पातळीत. बिगुलाचा बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर येतो आणि कापड उजवीकडे कानाच्या दिशेनं खाली ओढायचं. तळहातानं चपटं दाबत अर्धा तास तशीच घालून बसा, मग अलगद काढून सावलीत वाळवा.

सावलीत, हे मी अनुभवानं सांगतोय. माझी टोपी मी घाईघाईत शेगडीजवळ ठेवली होती. सकाळी ती आवळून वाटीएवढी झाली. तपासणीत उस्तादांनी, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या हवालदारांनी, ती हातात घेतली, काही बोलले नाहीत, फक्त परत दिली. त्या शांततेनं मला जेवढी लाज वाटली तेवढी कुठल्याच रगड्यानं, म्हणजे शिक्षेच्या कसरतीनं, वाटली नाही. त्या हिरव्या टोपीखाली आपल्या आधी किती पिढ्या उभ्या राहिल्या! रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण १७६८ सालची आहे. हे डोक्यात ठेवून टोपीला हात लावा.

बेल्टच्या पितळेला ब्रासो (पितळेचं पॉलिश) लावताना पोस्टकार्डाला बकलाच्या मापाचं भोक पाडून ते खाली सरकवा, म्हणजे बेल्टवर पांढरे डाग पडत नाहीत. पण मुलामा दिलेल्या बिल्ल्याला ब्रासो लावू नका. मुलामाच निघून जातो. त्याला मऊ फडकं पुरे.

पॅन्टच्या इस्त्रीला एक जुनी युक्ती आहे. पॅन्ट उलटी करून घडीच्या रेषेवर आतून कोरडा साबण एकदा ओढा. मग सुलटी करून ओलं फडकं टाका आणि इस्त्री दाबा. घासायची नाही, दाबायची. ती धार दिवसभर मोडत नाही. लाइट गेली तर पॅन्ट घडीवर नीट ठेवून गादीखाली घाला आणि वर झोपा. आम्ही कित्येक रात्री असंच केलं.

हे सगळं परेडच्या वर्दीसाठी. लढाईच्या वर्दीला यातलं काहीही लावू नका, आणि हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. परेडची वर्दी लांबून दिसावी म्हणून असते, कॉम्बॅट ड्रेस दिसू नये म्हणून. नवीन कॉम्बॅट ड्रेस १५ जानेवारी २०२२ ला सेना दिनाच्या परेडला पहिल्यांदा दिसला. दिल्लीच्या निफ्टनं, म्हणजे फॅशनचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेनं, सैन्याबरोबर तो तयार केला. कापडात ७० टक्के सुती आणि ३० टक्के पॉलिएस्टर, वर बारीक चौकोनांची नक्षी, आणि शर्ट पॅन्टमध्ये खोचायचा नसतो. याला खळ लावली की कापडाला तकाकी येते, नीळ घातली की रंग वेगळाच उठतो. झाडीत बसलेल्या माणसाला मग काय उपयोग त्या नक्षीचा? साध्या साबणानं धुवा, उलटा करून सावलीत वाळवा, बस्स.

गावाकडच्या पोरांनाही एक सांगतो. बाजारातून तसली नक्षी घेऊन फौजी म्हणून मिरवू नका. सैनिक नसताना लोकांनी सैनिक समजावं म्हणून वर्दी घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मीसुद्धा आता वर्दी घालत नाही. २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला जाताना कोटावर फक्त पदकं लावतो, डाव्या छातीवर. पुतण्या, तुझ्या आजीला हा क्रम अजून पाठ नाही, तू करून ठेव. वरच्या मानाचं पदक छातीच्या मधल्या बाजूला आणि तिथून खांद्याकडे उतरतं. माझ्या पट्टीत आधी सैन्य सेवा, मग उंच प्रदेशातल्या सेवेचं, मग १९९७ सालचं स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं, मग वीस वर्षांच्या सेवेचं आणि शेवटी नऊ वर्षांच्या सेवेचं. सगळ्यांची खालची कड एका रेषेत हवी. रेष चुकलीय का ते बघायला आरशात पाहू नको, समोर माणूस उभा कर आणि त्याला विचार.