अंदमानच्या पहाटे कॅमेरा, दुर्बिणीवर धुकं येऊ नये म्हणून

अंदमानात सांगलीपेक्षा सव्वा तासाच्या आसपास लवकर उजाडतं, आणि पक्षी बघायचे ते पहिल्या तासातच. नेमकी तेव्हाच एसी खोलीतून बाहेर काढलेली दुर्बीण पांढरी होते. गार काचेवर समुद्राची दमट हवा बसते. पुसली की पुन्हा येते.

१. रात्री कॅमेरा, दुर्बीण झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत घाला. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या सोबत टाका. हवा दाबून काढा आणि झिप नीट लावा.
२. कार्ड, बॅटरी रात्रीच बसवून ठेवा.
३. निघायच्या अर्धा तास आधी बंद पिशवी व्हरांड्यात ठेवा. मोठी लेन्स असेल तर पाऊण तास. पिशवीवर बाहेरून पाणी जमेल, जमू द्या.
४. हाताला पिशवी गार लागेनाशी झाली की पिशवी कोरडी पुसून मगच उघडा.

एसी नसलेली खोली मिळाली तर यातलं काहीच करावं लागत नाही, आणि पैसेही वाचतात!

घाईत धुकं आलंच, तर लेन्स काढू नका. ओल आत सेन्सरवर जाते. हेअर ड्रायरही नको.

आणि फोटोच्या नादात खाडीच्या काठाशी जाऊ नका. भिलवडी-औदुंबरच्या घाटांवर आपण बघतो ती कृष्णेतली मगर वेगळी. इथली खाऱ्या पाण्यातली मगर तिच्याहून बरीच मोठी असते आणि समुद्रातही पोहते. सूचनाफलक लावलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायचंच नाही.