वेबसाइटच्या फायली चढवताना या चुका टाळा

देवस्थानच्या साइटवर जत्रेची पत्रिका टाकायची असते, नाहीतर ऑक्टोबरात सीझन सुरू होण्याआधी होमस्टेचे नवे दर. फाइलझिला (संगणकावरून साइटवर फायली चढवायचा प्रोग्राम) म्हणतं फाइल गेली, साइटवर मात्र जुनंच दिसतं. आधी कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबून ब्राउझरची कॅशे (त्याने साठवलेली जुनी प्रत) बाजूला काढा. तरी जुनंच दिसलं, तर बहुतेक वेळा फाइल भलत्याच फोल्डरात गेलेली असते. लॉगिन झाल्यावर उजवीकडे उघडतो तो खात्याचा मूळ फोल्डर; साइट सहसा त्याच्या आतल्या पब्लिक_एचटीएमएल मधून चालते. एकाच खात्यावर दोन डोमेन असतील तर दुसऱ्याचा फोल्डर वेगळा. अंदाज करू नका, होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलच्या डोमेन यादीत 'डॉक्युमेंट रूट' (साइट जिथून चालते तो फोल्डर) पाहा.

जोडणीच होत नाही

वरच्या चौकटीतला लॉग कुणी वाचत नाही, आणि उत्तर तिथेच असतं. त्यात ५३० हा आकडा आला तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकला आहे. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगचं एक कंट्रोल पॅनेल) वेगळं काढलेलं एफटीपी (फायली चढवायची पद्धत) खातं असेल तर युजरनेम @ आणि डोमेनसकट पूर्ण लिहावं लागतं. नुसतं पुढचं नाव चालत नाही. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा मारत बसलात तर होस्टिंगची फायरवॉल तुमचा आयपीच (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) अडवू शकते. मग साइटसुद्धा घरच्या वायफायवर उघडत नाही, मोबाइल डेटावर उघडते. ही खूण दिसली की होस्टिंगवाल्यांना आयपी मोकळा करायला सांगा. सेटिंग बदलत बसून काही होणार नाही.

लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी येता येता अडकते, हा प्रकार वेगळा. एफटीपी आज्ञांसाठी २१ नंबरचा पोर्ट (सर्व्हरवरचं नंबर दिलेलं दार) वापरतं आणि यादी किंवा फाइल आणायला दुसरी जोडणी उघडतं. अॅक्टिव्ह मोडमध्ये ही दुसरी जोडणी सर्व्हर तुमच्या संगणकाकडे करू पाहतो आणि राउटर ती दारातच अडवतो. साइट मॅनेजरमध्ये ट्रान्सफर मोड 'पॅसिव्ह' करा. त्याहून चांगलं म्हणजे होस्टिंग देत असेल तर एसएफटीपी (हेच काम करणारी सुरक्षित पद्धत) घ्या: पोर्ट २२, सगळं एकाच जोडणीतून, आणि पासवर्ड साध्या एफटीपीसारखा उघडा जात नाही. फक्त प्रोटोकॉलही (जोडणीची पद्धत) बदला. एफटीपी तसंच ठेवून पोर्ट तेवढा २२ केला तर जोडणी होणार नाही.

लॉगमध्ये ४२१ आणि 'टू मेनी कनेक्शन्स' दिसलं तर एकावेळच्या जोडण्या एक-दोनवर आणा.

फाइल गेली, पण मोडकी

पावसाळ्यात मधेच वीज गेली की अर्धी फाइल सर्व्हरवर राहते, आणि जुनी चांगली फाइल तोवर पुसली गेलेली असते. म्हणून महत्त्वाची फाइल आधी वेगळ्या नावाने चढवा, साइझ जुळवून पाहा, मगच नाव बदला. जुन्या फाइलची प्रत संगणकावर हवीच. पुन्हा चढवताना फाइलझिला विचारतं: ओव्हरराइट की रिझ्यूम? मधे बदललेल्या फाइलला रिझ्यूम कधीच देऊ नका. जुन्या फाइलच्या डोक्याला नव्या फाइलचं शेपूट जोडलं जातं आणि पान कोसळतं.

फोटो दिसत नसेल तर नाव तपासा. विंडोजला लहान-मोठी अक्षरं सारखीच, बहुतेक सर्व्हर मात्र लिनक्सचे, त्यांना ती वेगळी. कॅमेऱ्यातल्या फोटोंचं जेपीजी हे एक्स्टेंशन बऱ्याचदा कॅपिटल अक्षरांत असतं, आणि पानात ते लहान अक्षरांत लिहिलेलं. फाइलचं नाव देवनागरीत, मधे जागा सोडून दिलंत तर लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवताना तुटण्याची भीती. लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ पुरे.

.एचटीअॅक्सेस (सर्व्हरला साइटचे नियम सांगणारी लपलेली फाइल) दिसत नसेल तर सर्व्हर मेनूतून लपलेल्या फायली दाखवा. साइट हलवताना हीच फाइल मागे राहते; मग मुखपृष्ठ उघडतं, आतली पानं ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'.

परवानग्या (कुणाला वाचता-लिहिता येतं ते ठरवणारे आकडे) फायलींना ६४४, फोल्डरांना ७५५. 'चालत नाही म्हणून ७७७' (सगळ्यांना सगळी मुभा) हा सल्ला ऐकू नका. काही सर्व्हर त्यावर थेट ५०० एरर देतात.

हजारो बारीक फायली असतील तर झिप करून एकच चढवा आणि कंट्रोल पॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये उघडा.

मास्टर पासवर्ड न लावता फाइलझिलात साठवलेले पासवर्ड त्या संगणकावर बसणारा कुणीही वाचू शकतो. देवस्थानची समिती बदलली की पासवर्ड बदला. खरं तर प्रत्येकाला वेगळं खातं काढून द्या आणि पत्रिका टाकणाऱ्याला पत्रिकांचाच फोल्डर दिसू द्या.