ऑइल बदललं आणि चेक इंजिनचा दिवा लागला? या चुका टाळा

गणपतीला चिपळूणला निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडीचं ऑइल बदलून घेतलं. सकाळी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा दिवा लागला. गाडी चालत होती, पण रांगेत उभी असताना आरपीएमचा काटा डचमळत होता. पुढे एका गॅरेजवर थांबलो. तिथल्या पोराने बॉनेट न उघडताच निकाल दिला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय साहेब, साडेचार हजार." सेन्सर त्याच्याकडे शिल्लक नव्हता, हे माझं नशीब. चहा पिता पिता मीच बॉनेट उघडलं, तर ऑइल भरायचं झाकण तिरकं बसलेलं आणि भोवती ताज्या ऑइलचे शिंतोडे! झाकण पुसून नीट आवळलं, काटा स्थिर झाला. दिवा मात्र चिपळूणपर्यंत तसाच होता, तिसऱ्या दिवशी आपोआप गेला.

त्या पोराचं निदान अगदीच हवेतलं नव्हतं. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत आतली वाफ एका व्हॉल्व्हमधून पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेत, ओढली जाते. झाकण सैल असलं की त्याच वाटेने बाहेरची, मोजली न गेलेली हवा आत शिरते. ऑक्सिजन सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी दिसतं, तो तसं कळवतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये पी०१७१ हा बिघाडाचा कोड पडतो. म्हणजे सेन्सर आपलं काम चोख करत होता, आणि आम्ही त्यालाच बदलायला निघालो होतो. डिपस्टिक पूर्ण आत बसली नसेल तरी हेच होऊ शकतं.

म्हणून आधी तपासायचं ते एवढंच, की काल कुणाचा हात कुठे कुठे लागला. ऑइलसोबत एअर फिल्टरही बदलला असेल तर तिथे जास्त लक्ष द्या. एअर बॉक्सच्या क्लिपा लागल्यात का, पुढच्या जाड रबरी पाइपचा क्लॅम्प बसलाय का, आणि आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरचा कपलर (वायरीचा प्लग) 'टक्' आवाज येईपर्यंत आत गेलाय का. कपलर नुसता टेकवलेला असला तर गॅरेजमधून निघेपर्यंत सगळं ठीक दिसतं, पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटतो. आपल्याकडे खड्डा शोधावा लागत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. पिवळं इंजिन आणि लाल तेलाची बुधली, हे दोन वेगळे दिवे आहेत. बुधली म्हणजे ऑइलचं प्रेशर. गाडी चालू असताना ती लागली तर "घरापर्यंत नेऊ" म्हणायचं नाही, बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. ऑइल बदलल्यावर याचं एक ठरलेलं कारण असतं: जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहतं आणि नवा फिल्टर त्याच्यावरच आवळला जातो. दोन रबरं एकावर एक टिकत नाहीत, ऑइल भसाभस बाहेर येतं. गाडीखाली वाकून फिल्टर आणि ऑइल चेंबरचा, जुनं ऑइल काढायचा बोल्ट बघा. पान्याचं चिन्ह असलेला दिवा मात्र बहुतेक गाड्यांत नुसती सर्व्हिसची आठवण असते, मेकॅनिक रिसेट करायला विसरलेला असतो.

कोड वाचायच्या आधी बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं हा आपला आवडता उपाय. दिवा जातो, पण सोबत कोडही पुसला जातो आणि बिघाड तसाच राहतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात हजार रुपयांच्या आतला ब्लूटूथ स्कॅनरही चालतो. कोडचा फोटो काढून ठेवा, मग हवं ते करा. आणि कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे, हे मेकॅनिकलाही सांगावं लागतं.

कोड पी००११ किंवा त्याच्या आसपासचा असेल तर भरलेलं ऑइलच तपासा. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. ०डब्ल्यू-२० ग्रेडचं पातळ ऑइल लागणाऱ्या इंजिनात "आपल्या उन्हाला जाडच बरं" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं, तर ते बारीक वाटांतून वेळेत पोचत नाही. ग्रेड मालकाच्या पुस्तिकेत असतो. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीला तर कमी राखेचंच ऑइल लागतं. चुकीचं भरलं तर दिवा आज लागणार नाही, पण तो डीपीएफ हळूहळू चोंदत जाईल.

जास्त भरलेलं ऑइलही त्रास देतंच: फेसाळतं, इनटेकमध्ये ओढलं जातं, धूर येतो. सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा, तीही एकदा पुसून दुसऱ्यांदा. खुणेच्या वर असेल तर काढून टाकायला लावा. "जळून जाईल हळूहळू" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल, गाडी झटके देत असेल, तर इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याला जाळतं. तो पार्ट सेन्सरच्या कितीतरी पट महाग असतो. अशा वेळी टोइंगवाल्याला फोन करा.