टूलमध्ये ‘शून्य’ दिसलं म्हणून विषय सोडू नका: एसईओ रिसर्चमधल्या या चुका टाळा

एसईओसाठी, म्हणजे साइट गूगलच्या शोधात वर यावी म्हणून, अहरेफ्स किंवा सेमरशसारखं कीवर्ड शोधायचं टूल उघडायचं, मराठी कीवर्ड (लोक शोधतात तो शब्द) टाकायचा, व्हॉल्यूम, म्हणजे महिन्याला होणारे शोध, शून्य दिसला की विषय यादीतून काढायचा. या सवयीपायी मराठी साइट्सचे किती चांगले विषय वाया जातात! या टूल्सकडे इंग्रजी शोधांचा साठा मोठा आहे, मराठीचा तोकडा. म्हणून त्यांचा आकडा ही फक्त सुरुवात समजायची आणि निर्णय गूगलचं रिझल्ट पान स्वतः बघूनच घ्यायचा. समजा, तुमची साइट शेतीविषयक माहितीची आहे.

एकच स्पेलिंग तपासणं

‘पीक विमा’ शोधणारे बरेच लोक व्याकरण बघून टाइप करत नाहीत. ‘पिक विमा’ लिहितात, ‘पिकविमा’ जोडून लिहितात, आणि फोनवर रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची रूपं तर आणखी वेगळी. टूल प्रत्येक रूपाचा आकडा स्वतंत्र दाखवतं, आणि काही रूपं त्याच्याकडे नसतातच.

उपाय फुकट आहे. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या टूलमध्ये परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, क्वेरी (लोकांनी टाइप केलेला शोध) फिल्टर लावा, त्यात कस्टम रिजेक्स (अनेक रूपं एकदम शोधायची पद्धत) निवडा आणि सगळी रूपं मध्ये उभी रेघ (|) देऊन एका ओळीत लिहा. तारीख 16 महिन्यांची ठेवा, तिथे तेवढाच डेटा मिळतो. ज्या क्वेरींना इम्प्रेशन (रिझल्टमध्ये साइट दिसल्याची संख्या) भरपूर आहेत, पण सरासरी स्थान 8 ते 20 च्या दरम्यान अडकलंय, तिथे लेख सुधारायला किंवा नवा लिहायला खरी जागा आहे. टूलने शून्य सांगितलेल्या शोधांवर तुमच्याच साइटला इम्प्रेशन येत असतील, तर तो शून्य खोटा हे वेगळं सांगायला नको.

मात्र प्रत्येक स्पेलिंगसाठी वेगळा लेख पाडू नका. तुमचीच पानं एकमेकांच्या आड येतात. एक नीट लेख सगळ्या रूपांना पुरतो.

फिल्टर लावल्यावर क्लिकची बेरीज एकूण आकड्यापेक्षा कमी भरली तर घाबरू नका. फार कमी लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी लपवतं, आणि क्वेरी फिल्टर लावला की ते मोजणीतून गळतात. शिवाय तक्त्यात जास्तीत जास्त 1000 ओळीच दिसतात.

आकडा कोणाचा, कुठल्या महिन्याचा हे न बघणं

‘सोयाबीन भाव’ लातूरचा शेतकरी शोधतो, तसा इंदूरचाही. टूलमध्ये ‘भारत’ निवडलं की दोघांची बेरीज तुमच्यासमोर येते. गूगलच्या जाहिरातदारांसाठीच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये ठिकाण महाराष्ट्र ठेवा. गूगल ट्रेंड्समध्ये राज्यनिहाय तुलना बघा, पण तिथला 0 ते 100 हा आकडा सापेक्ष असतो, शोधांची संख्या नव्हे.

तसंच, मासिक व्हॉल्यूम म्हणजे साधारणपणे 12 महिन्यांची सरासरी. खरिपाच्या पीक विम्याची मुदत एरवी 31 जुलैच्या आसपास असते आणि सगळी धावपळ त्याआधीच्या आठवड्यांत होते. सरासरीत तो उसळलेला महिना बुडून जातो. लेख मे-जूनमध्ये तयार हवा.

‘डिफिकल्टी कमी’ म्हणजे सोपं असं धरणं

अहरेफ्सची कीवर्ड डिफिकल्टी (वर येणं किती अवघड ते सांगणारा आकडा) मुख्यतः रिझल्टमधल्या पहिल्या दहा पानांना किती साइट्स लिंक देतात यावर ठरते. मराठी पानांना लिंक मुळातच कमी, त्यामुळे आकडा बहुतेक वेळा तळालाच दिसतो. आणि कीवर्ड प्लॅनरमधलं ‘कॉम्पिटिशन’ हे जाहिरातदारांमधलं आहे, त्याचा लेखांच्या स्पर्धेशी संबंध नाही. ‘7/12 उतारा’ शोधणाऱ्याला महाभूलेखची सरकारी साइट हवी असते. तिथे तुमचा लेख कितीही चांगला असला तरी शोधणारा पुढे निघून जाईल. ‘7/12 वरचं नाव दुरुस्त कसं करायचं’ शोधणारा मात्र वाचायला थांबतो.

डीए बघून लिंक विकत घेणं

या चुकीत पैसे जातात आणि साइटही धोक्यात येते. ‘डीए 50 प्लस, गेस्ट पोस्ट (दुसऱ्याच्या साइटवर आपला लेख) उपलब्ध’ असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज फिरतात. डीए (डोमेन ऑथॉरिटी) हा साइटची ताकद सांगणारा मॉझ कंपनीचा आकडा आहे, तसाच डीआर (डोमेन रेटिंग) अहरेफ्सचा. गूगल रँकिंगसाठी डीए वापरत नाही. रँकिंगसाठी लिंक विकत घेणं गूगलच्या स्पॅम धोरणात बसत नाही. पैसे दिलेल्या लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण लावावी लागते.

लिंक देऊ करणारी अशी साइट आली की दोन गोष्टी बघा. तिचा ऑरगॅनिक ट्रॅफिकचा (शोधातून फुकट येणाऱ्या वाचकांचा) आलेख मागच्या दोन वर्षांत कोसळलाय का? आणि तिथून बाहेर जाणाऱ्या लिंक कुठे जातात? डाळिंबाच्या लेखाशेजारी सट्टेबाजीच्या आणि झटपट कर्जाच्या लिंक दिसल्या तर पान तिथेच बंद करा. फक्त ट्रॅफिक कमी दिसतोय म्हणून मात्र चांगली मराठी साइट नाकारू नका. टूल तो अंदाजाने काढतं आणि गूगल डिस्कव्हरवरून (फोनवर न शोधता दिसणाऱ्या लेखांच्या यादीतून) येणारे वाचक त्याला दिसत नाहीत. आधी तुमच्या साइटचा टूलमधला आकडा सर्च कन्सोलशी ताडून बघा, म्हणजे टूल किती चुकतं ते कळेल.

स्पर्धकाच्या सगळ्या बॅकलिंक्स उचलणं

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेली लिंक. टूलमधून एक्सपोर्ट केलेल्या त्यांच्या हजार ओळींत बहुतांश भरणा डिरेक्टऱ्या, मजकूर चोरणाऱ्या साइट्स आणि फोरम प्रोफाइल यांचाच असतो. अनेक स्पर्धकांना लिंक देणाऱ्या साइट्स दाखवणाऱ्या लिंक इंटरसेक्टमध्ये तीन स्पर्धक टाका, दर डोमेनची (साइटची) एकच लिंक दाखवा, आणि मग अँकरच्या, म्हणजे लिंक दिलेल्या शब्दांच्या, आजूबाजूचं वाक्य वाचा. ज्या संपादकाने लेखाच्या ओघात दोघातिघांना संदर्भ म्हणून लिंक दिलीय, तोच तुमच्या कामाचा.

त्याआधीही सोपं काम असतं. गूगलवर आपल्या साइटचं नाव अवतरण चिन्हांत शोधा, आपली साइट उणे चिन्हाने वगळा. नाव घेतलंय पण लिंक दिली नाही अशी पानं सापडतील. लिंक मिळवायला ती सगळ्यात जवळची. तुटलेल्या लिंकच्या जागी तुमची लिंक द्या असं साइटमालकाला लिहिताना मूळ पानावर काय होतं ते आधी वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर) बघा. तिथे फवारणीचं वेळापत्रक असेल आणि तुम्ही खतांचा लेख सुचवलात, तर कोणी लिंक बदलणार नाही. ईमेलमध्ये कुठल्या पानावरची, कुठल्या परिच्छेदातली लिंक तुटली आहे तेवढं लिहा, आणि त्याच माहितीचं तुमचं एकच पान द्या.