सायनसच्या त्रासात मिठाच्या पाण्याने नाक कसं धुवावं

नाक चोंदलं की बहुतेकांचा हात थेंबांच्या बाटलीकडे जातो. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे दोन थेंब टाकले की काही मिनिटांत श्वास मोकळा होतो, म्हणून तर ते सुटत नाहीत. पण तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर अंमल उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त सुजतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. वर्षानुवर्षं या फेऱ्यात अडकलेली माणसं आहेत. त्यांना, आणि ज्यांची सर्दी दरवेळी कपाळात नि गालात उतरते त्यांना, माझं कळकळीचं सांगणं आहे की नाक धुवायला शिका. योगशिबिरात जलनेती केलेल्यांना कृती ओळखीची वाटेल.

गाल, कपाळ, दोन डोळ्यांमधली जागा आणि नाकामागचं खोलवरचं हाड यांत हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यांनाच सायनस म्हणतात. त्यांच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबूड सतत नाकाकडे ढकलत असतात. बाहेर पडायची वाट मात्र अरुंद. सर्दीने किंवा धुळीच्या ॲलर्जीने ती सुजली की शेंबूड आत तुंबतो आणि चेहरा जड होतो. मीठपाणी नाकातला घट्ट शेंबूड, धूळ, परागकण वाहून नेतं आणि त्या वाटा मोकळ्या व्हायला मदत होते.

आधी पाण्याचं बघा, कारण चूक झाली तर इथेच जिवावर बेतते. नळाचं पाणी थेट नाकात कधीही घेऊ नका. गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. पोटात गेला तर तो काही करत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोचला तर माणूस क्वचितच वाचतो. 2011 साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे याच संसर्गाने दगावले. केरळातही अलीकडे अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण सापडले आहेत. म्हणून पाणी खळखळून उकळवा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, मी पाच मिनिटं ठेवा म्हणेन. घरी फिल्टर असला तरी उकळाच. मग झाकून कोमट होऊ द्या. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका.

अर्धा लिटर पाण्यात चहाचा पाऊण चमचा मीठ, सपाट भरलेला, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. रोजच्या आयोडीनयुक्त मिठाने काहींच्या नाकाची आग होते. आयोडीन नसलेलं मीठ घ्या किंवा औषधाच्या दुकानातून नाक धुण्याच्या तयार पुड्या आणा. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर झोंबणं कमी होतं. मीठ अजिबात न घालता धुतलंत तर नाक चरचरतं आणि पुन्हा करावंसं वाटत नाही.

आता बेसिनवर वाका. मान एका बाजूला कलती करा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या. नेतीपात्राची किंवा मऊ बाटलीची तोटी वरच्या नाकपुडीला लावा आणि पाणी हळू सोडा. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. घशात आलं तर थुंकून टाका. निम्मं पाणी संपलं की बाजू बदला. मधेच बोलू नका, गिळू नका. झाल्यावर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरा. एक बाजू दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. पात्र धुऊन पूर्ण कोरडं करून ठेवा. झोपायच्या अगदी आधी धुऊ नका, पुढे बराच वेळ थेंब गळत राहतात.

कान दुखत असेल, घोळणा फुटत असेल, नाकाची किंवा कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा दोन्ही नाकपुड्या पूर्ण बंद असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला असेल तर तो नाक धुतल्यावर थोड्या वेळाने मारा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक त्याच बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर रक्त येतं. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारे बरेच असतात, आणि तिथेच उपचार फसतो.

शेंबूड हिरवा झाला म्हणून लगेच अँटिबायोटिक लागत नाही. हा रंग पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्यामुळे येतो, विषाणूच्या साध्या सर्दीतही येतो. त्रास दहा दिवसांनीही कमी होत नसेल, किंवा बरं वाटून पुन्हा जोराने उलटला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. बारा आठवड्यांवर चालणाऱ्या त्रासात मांसल गाठी किंवा वाकडा पडदा आहे का, हे दुर्बिणीने बघावं लागतं. नाक मोकळं असूनही डोकं एका बाजूने ठणकत असेल आणि उजेड सहन होत नसेल, तर ती अर्धशिशी असू शकते.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान आखडणं किंवा मधुमेही माणसाच्या नाकातून काळपट स्राव, यापैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, रुग्णांत उशिरामुळे डोळे गेले, जीवही गेले. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर आत मणी, शेंगदाणा असं काही अडकलेलं असू शकतं. बटण बॅटरीची शंका असेल तर पाणी न घालता, चिमटा न लावता, मूल तसंच उचलून रुग्णालयात न्या.