पदक मिळणार नाही हे माहीत असताना सराव टिकवायचा तर

हाफ मॅरेथॉनमधली माझी आजवरची सर्वांत चांगली वेळ २ तास ९ मिनिटं. पहिली आलेली बाई आवरून घरी निघते तेव्हा मी अजून शेवटच्या काही किलोमीटरांत असते. तरी सात वर्षं आठवड्यातले चार दिवस पहाटे पावणेपाचला उठते आहे. "अगं, पण कशासाठी?" हे सासूबाईंनी विचारलं, ऑफिसात विचारलं. उत्तर सापडायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला इतकी लागू नयेत.

एक वही करा. धावून आल्यावर, बूट काढायच्या आधी, एकच ओळ लिहायची: आज काय आवडलं. वेळ आणि अंतर लिहू नका, ते घड्याळात असतंच. तीन महिन्यांनी सगळं सलग वाचा. माझ्या वहीत वेगाबद्दल सहा ओळी निघाल्या आणि सोबतच्या दोघींबद्दल बावीस. आणि मी तोवर वेग वाढवायचं वेळापत्रक पाळत होते, तेही एकटीने!

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी आतून येणाऱ्या ओढीच्या मुळाशी तीन गरजा मांडल्या आहेत: आपलं आपण ठरवता येणं, एखादी गोष्ट जमू लागणं आणि आपली माणसं असणं. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे यातली कोणती, ते पेन्सिलीने लिहा. 'आपलं आपण' जास्त आलं, तर तयार वेळापत्रक सरळ बाजूला ठेवा. माणसं जास्त आली, तर आधी सोबत्यांशी वार ठरवा, मग अंतर. 'जमू लागणं' मात्र ताकदीचं असतं. ऑफिसात माझा अहवाल चार हातांतून फिरून आला की मलाच ओळखू येत नाही. मैदानाची ४०० मीटरची फेरी पाच सेकंदांनी कमी झाली, तर ते पाच सेकंद अख्खे माझे. हे वेड याच्यावरच पोसलं जातं, असं मला वाटतं. ज्यांच्या वहीत हे जास्त आलं, त्यांनी सहा आठवड्यांतून एकदा, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी स्वतःची चाचणी घ्यावी. रोज घेऊ नये. रोजचा आकडा झोपेवर आणि उकाड्यावरही ठरतो, आणि आपण उगीच खट्टू होतो.

आता वेळेचं. हौसेला मोल नाही म्हणतात. मोल असतं, आणि ते घरचे मोजतात. म्हणून आठवड्याचे तास आधीच घरी सांगून टाका आणि त्याबाहेर जाऊ नका. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस, रॉजर बॅनिस्टर, वैद्यकीय विद्यार्थी होता, सराव दुपारच्या सुट्टीत करायचा. ६ मे १९५४ ला सकाळी तो रुग्णालयात होता, आणि संध्याकाळी ऑक्सफर्डला एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला. त्याच वर्षी स्पर्धा सोडून डॉक्टरकीकडे वळलाही. आपल्याला तास कमी पडतात ही तक्रार मी हे कळल्यापासून जरा हळू आवाजात करते.

दुखण्याच्या बाबतीत माझं ऐका, कारण मी कोणाचं ऐकलं नव्हतं. स्पर्धेचं सगळ्यांना सांगून बसले होते, म्हणून नडगी दुखत असताना तीन आठवडे रेटलं. हाडाला बारीक तडा गेला आणि दोन महिने धावणं बंद. स्नायूंचं दुखणं पसरट असतं आणि सहसा दोन-तीन दिवसांत उतरतं. हाडावर बोटाने दाबून एकाच जागी दुखत असेल, किंवा दुखण्यामुळे पाऊल वेगळं पडत असेल, तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टर गाठा. स्पर्धेची तारीख सांगायचीच असेल तर एकाच माणसाला सांगा, आणि तो असा हवा की "नको जाऊस" म्हणू शकेल.

स्पर्धा झाल्यावर आठवडाभर रिकामं रिकामं वाटतं. त्या भरात पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरू नका. निदान पंधरा दिवस जाऊ द्या, वही मात्र चालू ठेवा.

माझी कालची ओळ: "पाऊस. एकच जण आली. तीही भांडायला."